गोळ्या चालू आहेत, मग बाकीचं कधी आणि कसं?

एका महिलेने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, राहायला कोथरूड, एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघतात, मुलगी पहिलीत. गेल्या वर्षी छातीत धडधड, हातपाय गार पडणं, रात्री दोनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं असं सुरू झालं. ईसीजी, टूडी इको नॉर्मल आले. हळूहळू कशातच मन लागेना, ऑफिसात साध्या साध्या चुका व्हायला लागल्या, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तीन महिने झाले, सकाळी एस्सिटालोप्राम १० (नैराश्य आणि चिंतेवरची गोळी) आणि रात्री क्लोनाझेपाम ०.२५ (झोप आणि बेचैनीसाठीची गोळी) चालू आहे. ‘साठ टक्के बरं आहे,’ असं त्या लिहितात. आई म्हणते गोळ्यांची सवय लागेल, त्यापेक्षा प्राणायाम कर. नवऱ्याच्या मते काउन्सेलिंग म्हणजे पैसे देऊन गप्पा मारणं. ऑफिसमधली मैत्रीण होमिओपॅथीचा पत्ता देतेय. त्यांना विचारायचंय ते एवढंच: गोळ्यांबरोबर बाकीचं करायचं, की बाकीचं सुरू करून गोळ्या सोडायच्या?

आधी सरळ उत्तर देतो. एस्सिटालोप्राम आत्ता सोडू नका. सायकोथेरपी, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने बोलून केलेला उपचार, आत्ताच सुरू करा; महिन्याभरापूर्वी सुरू झाली असती तर आणखी बरं झालं असतं. चालायला लागा. प्राणायाम करा, पण कुठला ते पुढे सांगतो. आणि सोडायचा विचार आधी करायचा तो सकाळच्या गोळीचा नाही, रात्रीच्या गोळीचा.

मात्र हे सगळं एकाच सोमवारी सुरू करू नका. कोणत्या उपचाराने कोणतं काम करायचं आणि कोणी कोणाच्या आधी यायचं, हे ठरवून केलं तरच एकत्र उपचारांचा फायदा दिसतो. नेमकं हेच सहसा कोणी ठरवत नाही. मानसोपचारतज्ज्ञ दहा मिनिटांत चिठ्ठी लिहून देतो, थेरपिस्ट दुसऱ्याच पेठेत बसतो, योगवर्ग तिसरीकडे, आणि या तिघांचा ताळमेळ घालायचं काम येऊन पडतं पेशंटवर, म्हणजे ज्याला आज भाजी कोणती करावी हेही ठरवता येत नाही त्याच्यावर.

‘साठ टक्के बरं’ हे मी रोज ऐकतो. अडचण अशी की ते ऐकून डॉक्टर आणि पेशंट दोघंही समाधानी होतात. रडू थांबलं, ऑफिसला जाता येतंय, ठीक आहे, चालू ठेवा. पण उरलेल्या चाळीस टक्क्यांत काय दडलंय ते बघायला हवं. पहाटेची जाग आहे का? फोन वाजला की पोटात गोळा येतो का? लग्नकार्याला जायचं टाळताय का? अशी लक्षणं शिल्लक असताना उपचार थांबवले, तर पूर्ण बरं होऊन थांबवणाऱ्यांपेक्षा आजार परतण्याची शक्यता बरीच जास्त असते. आणि पहिल्या गोळीवर असं मध्येच अडकणं अगदी नेहमीचं आहे. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. पहिल्या गोळीवर पूर्ण लक्षणमुक्त झालेले लोक त्यात साधारण एक तृतीयांश होते. त्या आकडेमोडीवर पुढे वाद झाले, पण वाद घालणाऱ्यांचं म्हणणं आकडा याहून कमी असावा असं आहे, जास्त नाही. म्हणजे तुमचं काही चुकतंय असं मुळीच नाही.

नवीन काही जोडण्याआधी जुनं नीट तपासून घ्यावं. तुमचा डोस तीन महिने दहावरच आहे. या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि सहा ते आठ आठवड्यांत पुरेसा फरक नसेल तर डोसचा फेरविचार करायचा असतो. तो झालाय का, हे डॉक्टरांना विचारा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी १२ कधी तपासलंय? थायरॉइड मंदावलेला असेल तर माणूस उदास, सुस्त आणि विसराळू होतो, आणि त्यावर कितीही थेरपी केली तरी गाडी पुढे जात नाही. बी १२चं म्हणाल तर पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून आपल्याकडे त्याची कमतरता किती सर्रास आहे ते दिसलंय. शाकाहारी असाल, थकवा आणि हातापायांना मुंग्या असतील, तर तपासून घ्याच.

आणखी एक प्रश्न, जो नवऱ्याला किंवा आईला विचारावा, कारण स्वतःला तो आजार वाटत नाही: पूर्वी कधी चार-पाच दिवस जेमतेम झोप घेऊनही अंगात प्रचंड उत्साह, अखंड बडबड, एका वेळी दहा योजना, पैशांची उधळण असं झालं होतं का? झालं असेल तर हे साधं नैराश्य नसून बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून पालटून येणारा आजार, असू शकतं, आणि मग नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तेही आधीच बोला. दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरून एका दिवसात गोळ्या फेकून देणं, यासारखा वाईट मार्ग नाही.

आता गोळी काय करते. ‘मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी झालंय, ते गोळीने भरून काढायचं,’ ही सोपी गोष्ट आम्ही डॉक्टरांनीच वर्षानुवर्षं सांगितली. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला भक्कम पुरावा काही सापडला नाही. लगेच सगळीकडे बातमी झाली की गोळ्या निरुपयोगी. त्यावरून तसा अर्थ निघत नाही. गोळ्यांचा उपयोग मोजला जातो तो निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना साखरेची गोळी देऊन, आणि त्या कसोटीवर मध्यम ते तीव्र आजारात औषध सरस ठरतं. का ठरतं याचं उत्तर मात्र आपण सांगत होतो त्याहून गुंतागुंतीचं आहे.

रोजच्या अनुभवात गोळी एवढं करते: भीतीची धार बोथट करते, झोप आणि भूक रुळावर आणते, तेच तेच विचार गिरवत बसणं कमी करते. टाळायची जी सवय लागलेली असते ती गोळीने मोडत नाही. इथेच तुमचे चाळीस टक्के अडकले असावेत, असा माझा अंदाज आहे.

एका गृहस्थांचं उदाहरण देतो, ओळख लागू नये इतके तपशील बदलून. आई साताऱ्याला, दर शनिवारी गाडीने जायचे. एकदा नव्या कात्रज बोगद्यात ट्रॅफिक अडकलं. पुढे कंटेनर, मागे एसटी, आणि त्यांना पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक तीव्र भीतीचा झटका, आला. तेव्हापासून बोगदा बंद. जुन्या घाटाने जायला लागले, मग घाटही नको वाटायला लागला, मग आईलाच पुण्याला आणलं. गोळी सुरू झाल्यावर अटॅक थांबले. ‘सहा महिन्यांत एकही नाही,’ असं मोठ्या खुशीत सांगायचे. पण सहा महिने ते कात्रजच्या पुढे गेलेलेच नव्हते.

थेरपिस्टने त्यांच्याकडून पायऱ्या लिहून घेतल्या. आधी बोगद्याचा व्हिडिओ बघायचा. मग बायको गाडी चालवत असताना शेजारी बसून जायचं. मग रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, स्वतः चालवत. शेवटी शनिवारी संध्याकाळी, गर्दीत, एकट्याने. प्रत्येक वेळी भीती शून्य ते दहामध्ये किती, ते बोगद्याच्या आधी आणि नंतर वहीत लिहायचं. पहिल्या तीन पायऱ्या झाल्या, पण भीतीचा आकडा पाहिजे तसा उतरेना आणि चौथी पायरी काही जमेना. एका भेटीत थेरपिस्टने विचारलं, ‘जाताना बरोबर काय काय असतं?’ पाण्याची बाटली, बायकोला आधीच लावून ठेवलेला फोन, आणि शर्टाच्या खिशात क्लोनाझेपामची अर्धी पट्टी. एकही गोळी कधी घेतली नव्हती. ‘असली की बरं वाटतं,’ म्हणाले. पण त्या पट्टीमुळे मन भलताच धडा शिकत होतं: बोगदा निभावला तो खिशातल्या गोळीमुळे. पट्टी घरी ठेवून गेले त्या दिवशी भीती नऊवर गेली, आत असतानाच सातवर आली, आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत तीन. पुढच्या काही शनिवारी नऊचा आकडा पुन्हा आलाच नाही.

यात एस्सिटालोप्राम चालूच होतं, आणि ते हवंही होतं. त्याच्याशिवाय ते पहिल्या पायरीवरसुद्धा उभे राहिले नसते. पण क्लोनाझेपाम या कामाच्या आड येत होतं. भीती वर चढते आणि आपोआप उतरते, हे अंगानेच शिकावं लागतं. ती चढायच्या आधीच गोळीने दाबली तर शिकायला काही उरत नाही. म्हणून म्हटलं की तुमची रात्रीची गोळी आधी बघा. तिची खरी गरज पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असते, कारण एस्सिटालोप्रामने सुरुवातीला कधीकधी बेचैनी वाढते. पुढे ती चालू राहते ती बहुतेक वेळा ‘चालू आहे म्हणून चालू’ या न्यायाने. तुमच्या आईची सवय लागण्याची भीती या गोळीच्या बाबतीत रास्त आहे. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, चार दिवस झोप उडेल आणि वाटेल की गोळीशिवाय आपलं खरं नाही. डॉक्टरांकडून काही आठवड्यांचा कमी करत नेण्याचा तक्ता लिहून घ्या.

एकत्र उपचारांचा पुरावा काय म्हणतो? बराचसा बाजूने आहे, सगळा नाही. २००० साली अमेरिकेत जुनाट नैराश्याच्या ६८१ रुग्णांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला: नुसत्या गोळीने ४८ टक्क्यांना चांगला गुण आला, नुसत्या थेरपीने तेवढाच, आणि दोन्ही मिळून ७३ टक्क्यांना. २००८ साली चिंताविकार असलेल्या ७ ते १७ वर्षांच्या ४८८ मुलांवर अभ्यास झाला. सर्ट्रालिन (एस्सिटालोप्रामच्याच कुळातली गोळी) आणि थेरपी मिळून ८१ टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या थेरपीने ६० टक्के, नुसत्या सर्ट्रालिनने ५५ आणि साखरेच्या गोळीने २४ टक्के.

पण २००० सालचाच पॅनिकचा एक अभ्यास आहे, ३१२ रुग्णांचा. त्यात उपचार चालू होते तोवर इमिप्रामिन ही नैराश्यावरची जुनी गोळी आणि थेरपी ही जोडी ठीक चालली, पण सगळं बंद करून सहा महिन्यांनी बघितलं तर थेरपीत गोळी मिसळलेल्या लोकांपेक्षा गोळीशिवाय थेरपी घेतलेल्यांची सुधारणा जास्त टिकलेली होती. हा निकाल आमच्या व्यवसायात फारसा सांगितला जात नाही. त्यातून मी घेतलेला अर्थ असा: थेरपीची शेवटची काही सत्रं गोळी कमी होत असताना आणि बंद झाल्यावर व्हायला हवीत. गोळीच्या सावलीत शिकलेलं गोळी गेल्यावरही येतं का, हे तपासायला. बहुतेक लोक उलट करतात, बरं वाटलं की आधी थेरपी सोडतात, कारण तिची फी जास्त असते.

आता तुमच्या यजमानांच्या ‘गप्पां’बद्दल. त्यांचं म्हणणं सर्वस्वी चूक नाही. काही ठिकाणी खरोखर तासभर गप्पाच होतात आणि शेवटी ‘पॉझिटिव्ह राहा’ असं सांगून घरी पाठवतात. तिकडे पुन्हा जाऊ नये. नीट थेरपीत लिखापढी असते, घरचा अभ्यास असतो, आणि सुरुवातीला ती चक्क कंटाळवाणी वाटते. पहिल्या आठवड्यात बहुधा तुम्हाला दिवसाचा तक्ता भरायला सांगतील. समजा रविवार आहे. आठ ते दहा अंथरुणात मोबाइल, उदासी ८. दहा ते एक स्वयंपाक आणि आवराआवर, ७. तीन ते पाच नुसतं आडवं पडणं, झोप नाही, ९. सहा ते पावणेसात मुलीबरोबर बागेत, ४. रात्री आठनंतर उद्याच्या ऑफिसची काळजी, ८. हा कागद समोर ठेवून थेरपिस्ट विचारेल की सर्वांत वाईट तास कोणता? तुम्हाला वाटत होतं ऑफिस, पण कागद सांगतो दुपारी आडवं पडणं. ‘विश्रांती घेतली की बरं वाटेल’ या समजुतीने तुम्ही रोज तेच करत होता. मग पुढच्या आठवड्यात तीन ते पाचमध्ये एक छोटी, ठरलेली गोष्ट घालायची: खाली उतरून भाजी आणणं, बहिणीला फोन, कपाटाचा एक कप्पा. मन लागो न लागो, ठरलेल्या वेळी. मन लागलं की करीन म्हणून थांबायचं नाही. नैराश्यात करायला लागल्यावर मन लागतं, तेही उशिरा आणि थोडं थोडं.

ही पद्धत दिसते तेवढी साधी आहे आणि तरी उपयोगी पडते. गोव्यात याच तत्त्वावरचा सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम साध्या आरोग्य केंद्रांत राबवला गेला, आणि तो चालवणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले, खास प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. २०१७ साली निकाल आले: तीन महिन्यांनी ६४ टक्के लक्षणमुक्त, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. तेव्हा मोठी डिग्री असलेला थेरपिस्ट मिळाला नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही, पद्धत धरून काम करणारा हवा.

विचारांवरचं काम त्यानंतर येतं. तुमच्या पेशात उदाहरण शोधायला लांब जायला नको. जीएसटी रिटर्नमध्ये एक आकडा चुकला. मनात लगेच: साहेबांच्या लक्षात येणार, आपल्याला काढणार, घराचा हप्ता थकणार. सगळं दीड मिनिटात. थेरपिस्ट इथे धीर देत नाही. तो विचारतो, आत्तापर्यंत तुमच्या विभागात रिटर्न दुरुस्त करावं लागलं म्हणून किती जणांची नोकरी गेली? हिशोबाच्या माणसाला हा प्रश्न बरा समजतो.

निवडताना फोनवरच विचारून घ्या: कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती सत्रं लागतील, घरी करायला काही देता का, माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? शेवटच्या प्रश्नावर कोणी नाक मुरडलं तर दुसरीकडे जा. ‘गोळ्या बंद केल्याशिवाय मी घेत नाही’ असं म्हणणाऱ्याकडेही जाऊ नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असावी लागते, ती बघून घ्या. बारा ते सोळा सत्रं धरून चाला. फी परवडत नसेल तर ससूनच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. गर्दी असते, नंबर लावावा लागतो, पण मदत मिळते.

प्राणायामाबद्दल आईचं ऐका, पण एक फेरफार करून. ज्याला धडधडीचा आणि गुदमरल्याचा त्रास आहे त्याने सुरुवातीला कपालभाती, भस्त्रिका असले जोरकस प्रकार करू नयेत. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, हाताला मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि पॅनिकच्या पेशंटला वाटतं अटॅक आला. योगवर्गातून पळून आलेली माणसं मी पाहिलीत. त्यांना शिक्षकाने सांगितलं होतं, ‘विकार बाहेर पडतायत.’ संथ अनुलोम-विलोम, भ्रामरी, श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब, दहा मिनिटं, रोज ठरलेल्या वेळी. एवढं पुरे. अटॅक येतोय असं वाटल्याक्षणी प्राणायामाला बसू नका, त्याचीही खिशातली पट्टी होते. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचं कोणी सुचवेल. आत्ता नको. दहा दिवसांचं मौन साठ टक्के बऱ्या मनाला झेपेलच असं नाही, आणि अर्जात आजार लपवून, गोळ्या घरी ठेवून जाणं तर साफ धोक्याचं.

चालण्याचा मी जास्त आग्रह धरतो. १९९९ साली अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांना तीन गटांत विभागलं: व्यायाम, सर्ट्रालिन आणि दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. (इथेही जोडीने जास्त काही साधलं नाही, हे लक्षात घ्या.) गोळीचा गुण लवकर दिसला, व्यायामाचा उशिरा, पण पुढे सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा नुसता व्यायाम करून बरे झालेल्यांत आजार परतण्याचं प्रमाण कमी होतं. ते चालणं म्हणजे रमतगमत शतपावली नव्हे. आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, धाप लागेल इतपत. कोथरूडला राहता म्हणजे वेताळ टेकडी हाताशी आहे. पहाटे पाचचा संकल्प करू नका, नैराश्यात सकाळ सर्वांत जड असते. संध्याकाळी जा, अंधार पडायच्या आत, मैत्रिणीला ठरलेल्या दिवशी खाली बोलवून. टेकडीवर धडधड वाढेल. वाढू द्या. छाती धडधडली म्हणून काही होत नाही, हे शिकायला याहून स्वस्त जागा नाही. इको नॉर्मल आहे तुमचा.

दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. घरात कोणी ताण हलका करायला ‘थोडीशी’ घेत असेल, तुम्ही किंवा यजमान, तर तेही डॉक्टरांना सांगा. दारू उदासी वाढवते आणि क्लोनाझेपामबरोबर तर घ्यायचीच नाही. प्रमाण हाताबाहेर असेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे लाज न बाळगता जावं.

होमिओपॅथीवर माझा विश्वास नाही. घ्यायचीच असेल तर चालू औषधाच्या जागी घेऊ नका. ‘नैसर्गिक’ नावाखाली मिळणाऱ्या काही गोष्टी मात्र खरोखर परिणाम करतात, म्हणून त्यांचं जास्त भय: सेंट जॉन्स वर्ट हे वनस्पतीचं औषध एस्सिटालोप्रामबरोबर घेतलं तर सेरोटोनिनचा घातक अतिरेक होऊ शकतो, अश्वगंधा झोप वाढवते आणि थायरॉइडच्या गोळ्यांचं गणित बिघडवू शकते. दुखण्यावर कोणी ट्रामाडॉल लिहून दिलं तर ‘मी एस्सिटालोप्राम घेते’ हे आधी सांगा.

घराबद्दल थोडं, कारण प्रश्नात ते ओळींच्या मधून दिसतंय. नोकरी, मुलीचा अभ्यास, सकाळचे तीन डबे, सगळ्यांचे सल्ले आणि वर ‘आता बरी हो’ हा तगादा. यातल्या प्रत्येक गोष्टीवर गोळी किंवा प्राणायाम शोधण्यात अर्थ नाही. दोन डबे यजमानांनी भरावेत. त्यांना थेरपीच्या एका सत्राला घेऊन जा. पटवायला नाही, माहिती द्यायला. पेशंटने सांगून जे घरात कोणी ऐकत नाही, ते तिसऱ्या माणसाने कागदावर लिहून दिलं की ऐकतात, असा अनुभव आहे.

गोळी कधी सोडायची? आजार पहिल्यांदाच झाला असेल तर पूर्ण बरं झाल्यानंतर किमान सहा ते नऊ महिने. साठ टक्क्यांपासून मोजायचं नाही, लक्षणं संपल्यापासून मोजायचं. आजार वरचेवर परतत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. तशा लोकांसाठी २०१५ साली ब्रिटनमध्ये ४२४ जणांवर झालेला अभ्यास दिलासा देणारा आहे: माइंडफुलनेसवर (चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावावर) आधारलेली आठ आठवड्यांची थेरपी घेत गोळी कमी केलेल्यांत दोन वर्षांत ४४ टक्के लोकांचा आजार परतला, गोळी चालू ठेवणाऱ्यांत ४७ टक्के. म्हणजे गोळीला पर्याय आहे, पण तोही शिकून, सराव करून मिळतो, आणि दोन्हींत जवळपास निम्म्यांना पुन्हा त्रास होतो, हेही खरं.

सोडताना हळूहळू, काही आठवडे ते काही महिने. घाईने सोडली तर पहिल्या चार-आठ दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. तो आजार परतलेला नसतो. आजार सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू परततो. तुमच्या कामाच्या माणसाने मार्च एंडच्या किंवा ऑडिटच्या तोंडावर डोस कमी करू नये. जूनमध्ये करा.

हे सगळं तुमच्यासारख्या मध्यम त्रासाला लागू आहे. सौम्य नैराश्यात नुसती थेरपी आणि व्यायाम पुरतात, गोळीची घाई नको. उलट माणूस जेवत नाही, अंथरुणातून उठत नाही, भास होतायत, तर तिथे तक्ते भरत बसायचं नसतं. आधी औषध, गरज पडल्यास ॲडमिशन आणि भूल देऊन केली जाणारी ईसीटी (विजेचा सौम्य प्रवाह देऊन केलेला उपचार). २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांप्रमाणेच धरावा लागतो, पण थेरपीची फी बहुतेक पॉलिसींत मिळत नाही, आधी वाचून घ्या. आणि जगणं नको वाटायला लागलं, तसे विचार वारंवार यायला लागले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, घरातल्या एकाला सांगणं, गोळ्यांचा साठा त्याच्या ताब्यात, आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पंचविशीच्या आतल्या मुलांना या गोळ्या सुरू करताना पहिले काही आठवडे घरच्यांनी खास लक्ष ठेवायचं असतं.

क्रम असा लावा. या आठवड्यात रक्त तपासणी आणि डॉक्टरांची भेट: डोस आणि क्लोनाझेपामचा तक्ता. पुढच्या दोन आठवड्यांत थेरपिस्टची पहिली भेट. त्यानंतर टेकडी, प्राणायाम महिन्याभराने. डॉक्टरांकडे जाताना घरात आहेत त्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, थायरॉइड-कॅल्शियमच्या, आणि आईने एखादं चूर्ण दिलं असेल तर त्याची डबीसुद्धा.